कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या घरीच दुरुस्त करणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : १९६६ ची एमजीबी आहे. आयडलिंगला इंजिन अडखळतं, काळा धूर येतो आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला की खाकरतं. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर खोलून धुतले, नवे जेट आणि सुया घातल्या. मिश्रणाचे नट सारखे फिरवतो आहे. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नेमकं सेटिंग काय ठेवावं?

उत्तर : आधी नट फिरवणं थांबवा. कार्ब्युरेटरचा म्हणून जो दोष सांगितला जातो तो बहुतेक वेळा इग्निशनचा नाहीतर टॅपेटचा निघतो. एसयू हे अगदी साधं यंत्र आहे. इंजिन जेवढी हवा मागेल तेवढा त्याचा पिस्टन वर उचलला जातो आणि पिस्टनला लावलेली निमुळती सुई जेटमधून त्या प्रमाणात पेट्रोल सोडते. बाकीचं इंजिन बिघडलेलं असताना मिश्रण जुळवायला बसलात, तर एका चुकीवर दुसरी चूक चढते. तुमच्या गाडीचं तेच झालं आहे.

सुरुवात टॅपेटपासून करा. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. चारही प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हळूहळू पुढे ढकला, म्हणजे इंजिन सुलट्या दिशेनंच फिरेल. नऊचा हिशोब लक्षात ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला जुळवायचा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. या इंजिनात १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह. जुळवल्यावरही एखादा टॅपेट वाजत राहिला तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांड्यानं तिथे बारीक खळगा पाडलेला असतो. फीलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते, गेज ०.०१५ सांगतं आणि खरी फट खळग्याच्या खोलीइतकी जास्त असते. असा रॉकर घासून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. उलट, एक्झॉस्टच्याच फटी दर वेळी कमी झालेल्या सापडत असतील तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत चालले आहेत. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर बेतलेली होती, आणि ते शिसं बैठकींना आधार द्यायचं. हेड पुढे कधी उघडाल तेव्हा एक्झॉस्टला कडक बैठका बसवून घ्या.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग. तुमच्या वर्षाच्या गाडीत ल्युकसचा २५डी४ असतो. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच आणि प्लगची ०.०२५. फट लावण्याआधी रोटर काढून मधला दांडा चिमटीत धरा आणि आडवा हलवून बघा. तो हलला तर बुश झिजलं आहे. मग फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि तुमचं कोणतंच सेटिंग टिकणार नाही. व्हॅक्युमची बारीक नळी कार्ब्युरेटरच्या बाजूनं काढा आणि तोंडानं ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळीच्या टोकावर जीभ ठेवली की तिथेच थांबली पाहिजे. ती परत येत असेल तर पडदा फाटला आहे, आणि तिथून इंजिन फुकटची हवाही ओढतं आहे. पॉइंट निळसर जळलेले दिसले तर कंडेन्सर बदला. रोटरवर पितळी पट्टीला रिव्हेट दिसत असेल तर बिनरिव्हेटचा चांगला रोटर घाला. हलक्या मालात ठिणगी त्या रिव्हेटमधून खाली दांड्यावर उतरते, आणि इंजिन गरम झालं की हे जास्तच होतं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बंद इंजिनावर पिस्टन सगळ्यात वर पोचण्याच्या १० अंश आधी. एका बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या बारीक टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावा. इग्निशन सुरू करा आणि गाडी इंचाइंचानं पुढे ढकला. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो, आणि पुलीवरची खाच त्याच क्षणी १० च्या खुणेवर हवी.

एवढं झाल्यावर कार्ब्युरेटर. पहिलं काम डॅशपॉटच्या, म्हणजे पिस्टनवरच्या घुमटाच्या तेलाचं, कारण ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारं खाकरणं बऱ्याचदा इतक्यानंच जातं. टोपीचा डॅम्पर बाहेर काढा आणि परत खाली सोडा. टोपी बसायला साधारण ६ मिमी उरले असताना हाताला अडथळा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर तेल कमी आहे. मग पिस्टन झटकन वर उडतो, मिश्रण क्षणभर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन खाकरतं. तेल एसएई २० चं, घट्ट गिअर ऑइल नको. दोन कार्ब्युरेटरचे पिस्टन आणि डॅशपॉट यांची अदलाबदल करू नका. प्रत्येक जोडी एकमेकांना घासून बसवलेली असते.

काळ्या धुराचा पहिला संशयित चोक. तुमच्या गाडीतल्या एचएस४ प्रकारच्या एसयूमध्ये चोक ओढला की जेट खाली उतरतो. केबल ढिली सोडल्यावर दोन्ही जेट बोटानं खालून वर दाबा. एखादा वर गेला तर तो अडकलेला होता, आणि गाडी आजवर अर्ध्या चोकवर चालत होती. नवे जेट घालताना ते मधोमध बसवले नसतील तर सुई कडेला घासते. पिस्टन बोटानं उचलून सोडा. तो खाली आपटताना धातूचा स्वच्छ 'टक' आवाज यायला हवा.

आता जुळवणी. इंजिन पूर्ण गरम, एअर फिल्टर काढलेले. दोन कार्ब्युरेटरमधल्या दांड्यावरचे क्लॅम्प ढिले करा म्हणजे दोघांचे थ्रॉटल स्वतंत्र होतील. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. दोन्हीकडचा 'सूं' सारखा ऐकू येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. हवेचं हे काम मिश्रणाच्या आधी. मग पिस्टन वर धरून जेटचा नट इतका चढवा की जेट आतल्या पुलाच्या पातळीला येईल, आणि तिथून दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे नटाचे १२ पैलू. हे फक्त सुरुवातीचं ठिकाण. इथून पुढे दोन्ही नट सारखेच, एका वेळी एकच पैलू. वर गेलं की लीन, खाली आलं की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. प्रत्येक बदलानंतर पिस्टन उचलायची पिन साधारण ०.८ मिमी वर करा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच आहे. लगेच पडला तर लीन. किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. तीन मिनिटांत जमलं नाही तर अर्धा मिनिट रेस देऊन इंजिन साफ करा, नाहीतर साचलेलं पेट्रोल तुम्हाला फसवतं.

तरीही आयडलिंग डुलत राहिलं तर थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना घट्ट तेलाचा एकेक थेंब सोडा. क्षणभर इंजिन सुधारलं तर दांडा झिजून हवा आत घेतो आहे. पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारून ही परीक्षा करू नका. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेमका कार्ब्युरेटरच्या खाली आहे.

प्रश्न : ट्रायम्फ स्पिटफायरचं स्टिअरिंग जड झालं आहे आणि वळताना खालून करकर आवाज येतो. पुढच्या सगळ्या निप्पलना नियमित ग्रीस देतो.

उत्तर : बिघाड बहुधा त्या नियमित ग्रीसमुळेच आहे. स्पिटफायरच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दुवा खालच्या टोकाला आट्यांनी पितळी ट्रनियनमध्ये फिरवलेला असतो. स्टिअरिंग वळलं की चाक या आट्यांवर वळतं. त्यांना गिअरचं ईपी ९० तेल लागतं, ग्रीस नव्हे. ग्रीस आत जातं खरं, पण आट्यांमधून वाहत नाही. कालांतरानं ते वाळून घट्ट होतं, वरून पाणी शिरतं आणि पोलादी आट्यांना गंज चढतो. गंजाचे खड्डे पडलेला दुवा आट्यांच्या वरच्या टोकाशी तुटतो आणि चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडतं. गाडी पार्किंगमधून काढताना पूर्ण वळवलेली असताना हे घडलं तर नशीब म्हणायचं.

दुवा तपासेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. जॅक खालच्या विशबोनखाली घेऊन स्प्रिंगचा भार धरा, बॉडी स्टँडवर ठेवा आणि ट्रनियनचा आडवा बोल्ट काढा. तो आतल्या पोलादी नळीत गंजून अडकलेला असायची तयारी ठेवा. ट्रनियन फिरवून काढताना विसरू नका की उजव्या बाजूला उजवे आटे आहेत आणि डाव्या बाजूला डावे. दुवा रॉकेलनं धुऊन आटे तारेच्या ब्रशनं चकचकीत करा आणि वरच्या चार-पाच फेऱ्यांमध्ये भिंगानं बघा. खड्डे दिसले की दुवा आणि ट्रनियन दोन्ही बदला. एकच बदलून उपयोग नाही. शंका असली तर तडे दाखवणारा लाल रंग वापरून तपासा. घासून, रंगवून पुन्हा वापरायची ही वस्तूच नाही.

बसवताना आट्यांना भरपूर तेल लावा. ट्रनियन हातानं पूर्ण चढवा आणि इतका मागे घ्या की दोन्ही बाजूंना स्टिअरिंग शेवटपर्यंत वळलं तरी तो तळाला टेकणार नाही. ट्रनियनच्या तळाची झाकणी गळते आहे का तेही बघा, कारण ती गळत असेल तर वरून घातलेलं तेल रातोरात जमिनीवर येतं. तेलाच्या पंपानं, वरच्या सीलपाशी तेल झिरपेपर्यंत भरायचं. कंपनीच्या वेळापत्रकात दर ६,००० मैलांनी आहे. गाडी कमी चालत असेल तर मैल मोजू नका, वर्षातून दोनदा भरा.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचे पार्किंगचे दिवेही मंद पेटतात आणि इंडिकेटर अर्धवट लुकलुकतो. नवं वायरिंग टाकावं का?

उत्तर : नको. हे अर्थिंग गेल्याचं लक्षण आहे. दिव्याच्या घराचं बॉडीशी नातं तुटलं की वीज परतायला दुसरी वाट शोधते, म्हणजे शेजारच्या बल्बमधून उलटी जाते. मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थ असलेल्या टर्मिनलवर, दुसरं दिव्याच्या धातूच्या घरावर, आणि दिवा चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तिथलं अर्थ खराब. स्क्रू काढून पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला आणि वरून व्हॅसलिन लावा.

उरलेली कटकट गोळीच्या आकाराच्या जोडांत असते. रबरी बाहीतून तार बाहेर ओढा. पितळी गोळी काळी आणि बाही हिरवट असेल तर बाही टाकून द्या, घासत बसू नका. तारा शोधायला रंग पुरेसे आहेत : तपकिरी सतत चालू, पांढरी इग्निशननंतरची बिनफ्यूजची, हिरवी इग्निशननंतरची फ्यूज असलेली, जांभळी सतत चालू आणि फ्यूज असलेली, निळ्या हेडलाइटच्या, लाल पार्किंगच्या, काळी अर्थ.

एक धोका मात्र पत्रात नसला तरी सांगायलाच हवा. जुन्या ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहून नेण्याची त्याची ताकद १७ अँपिअरच. सतत ३५ वाहणारा आधुनिक फ्यूज तिथे बसवलात तर फ्यूजच्या आधी तार जळते. आणि गाडी १९६७ च्या आधीची असेल तर बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. मोबाइलचा चार्जर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडण्यापूर्वी हे बघा.

प्रश्न : मिलिमीटरचे पाने चालतील का? बरेच नट बसतात.

उत्तर : "बसतात" यावर जाऊ नका. एमजीबी आणि स्पिटफायरला इंची एएफ पाने (माप नटाच्या समोरासमोरच्या पैलूंमधलं) लागतात, मुख्यतः ७/१६, १/२ आणि ९/१६. जुने कारागीर ज्याला साडेतीन, चार आणि साडेचार सूत म्हणतात तेच. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना ०.३ मिमी ढिला बसतो, आणि घट्ट नटाचे कोपरे गोल करायला तेवढं पुरतं. १९ मिमीचा पाना पाऊण इंचावर चालतो, कारण फरक ०.०५ मिमीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळाच्या आसपासच्या एमजी टी मालिकेत वेगळाच प्रकार. तिच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक, पण नटाची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. आटे खराब झाले म्हणून दुकानातला दिसायला तसाच बोल्ट पिळून बसवलात तर ब्लॉक जातो.

प्रश्न : आऱ्यांच्या चाकाचा मधला पंखांचा नट आपोआप ढिला होतो. हातोड्यानं कितीही ठोकला तरी.

उत्तर : आधी हब डाव्या-उजव्या बाजूंना बदललेले नाहीत ना ते तपासा. डाव्या बाजूच्या हबला उजवे आटे आणि उजव्या बाजूच्या हबला डावे आटे हवेत. मागच्या मालकानं ॲक्सल खोलून उलटं बसवलं असेल, तर चाक फिरतानाच नट सोडवतं आणि ठोकण्याचा काही उपयोग नाही. हब बरोबर असतील तर नटाचा आणि चाकाचा निमुळता भाग पुसून कोरडा करा. तिथे रंगाचा थर असेल तर तो दबून नट सैल पडतो. ग्रीस हबच्या खाचांना लावा. गाडी सुटताना आणि ब्रेक मारताना एकेक 'टक' ऐकू येत असेल तर त्या खाचा झिजून धारदार झाल्या आहेत. मग हब आणि चाक जोडीनं बदला, नव्या चाकाला जुना हब एका मोसमात खाऊन टाकतो.

प्रश्न : एमजीबी रोडस्टरच्या दाराखालच्या सिलला नाण्याएवढं भोक पडलं आहे. वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड केला तर भागेल का? अलीकडे दार जरा घट्ट लागतं.

उत्तर : दार घट्ट लागतं हे वाक्य भोकापेक्षा महत्त्वाचं आहे. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चेसिस होती, एमजीबीला नाही. छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार या दोन सिलवर असतो. आत तीन थर आहेत : बाहेरचा दिसणारा पत्रा, मधला उभा पडदा आणि खालची बुरुजासारख्या घडीची पट्टी. गंज आतून बाहेर येतो. बाहेर नाण्याएवढं भोक दिसतं तेव्हा मधला पडदा बहुतेक वेळा खालच्या कडेला संपलेला असतो. दाराच्या मागच्या फटीत वर आणि खाली फीलर किंवा लाकडी पाचर घालून मोजा. वर फट कमी आणि खाली जास्त असेल तर गाडी मध्ये बसायला लागली आहे. तुकडा लावून हे झाकेल, थांबणार नाही.

पुढचं मडगार्ड बोल्टनी बसवलेलं आहे, ते काढा. त्याच्या मागच्या खोबणीत मूठभर ओला चिखल सापडेल. रोग तिथून सुरू होतो. कापण्याआधी गाडी चाकांवर किंवा ॲक्सलखाली स्टँडवर ठेवा, म्हणजे बॉडीवर नेहमीचाच भार राहील. सिलच्या मधोमध जॅक लावून कापायला घेतलंत तर वाकडी झालेली गाडी वाकडीच वेल्ड होईल. बिजागरीच्या खांबापासून कडीच्या खांबापर्यंत दोन उंचींवर चौकोनी नळीचे आडवे दांडे बोल्टनं पक्के करा. दाराच्या फटी चारही ठिकाणी मोजून कागदावर लिहा. एका वेळी एकच बाजू.

खालची पट्टी आधी, मग पडदा, बाहेरचा पत्रा शेवटी. प्रत्येक थरानंतर फटी पुन्हा मोजा. सलग वेल्ड ओढू नका. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्या. एकमेकांवर येणाऱ्या कडांना वेल्डिंगमधून टिकणारा जस्ताचा प्रायमर लावा, कारण जोडल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढा, अल्टरनेटरच्या तारा सोडवा आणि इंधनाच्या नळ्या हलवा. रंग पूर्ण सुकला की बारीक नळीनं आत मेण फवारा, आणि त्यानंतर पाणी निघायची खालची भोकं तारेनं मोकळी करा. मेणानं ती हमखास बुजतात.

प्रश्न : नव्या पेट्रोलनं रबरी नळ्या खराब होतात हे खरं का?

उत्तर : हो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या प्रकारचं रबर त्यानं आधी मऊ पडतं, मग तडकतं. आर९ दर्जाची नळी घ्या, छाप नळीवरच असतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या एकदम बदला. जुनी नळी वाकवून बघा. बाहेरून धड दिसली तरी आतून काळी पूड निघते, आणि तीच फ्लोटच्या सुईत अडकून कार्ब्युरेटर वाहायला लावते. इग्निशन सुरू केल्यावर एसयूचा इलेक्ट्रिक पंप काही टिकटिक करून थांबला पाहिजे. उभ्या गाडीत तो वाजतच राहिला तर कुठेतरी पेट्रोल जातं आहे. इग्निशन बंद करा आणि आधी गळती शोधा.